सी ड्राइव्ह मोकळा झाला, तरी जागा अपुरीच: गिरगावातल्या एका डीटीपी कार्यालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

गिरगावातले एक छोटे डीटीपी कार्यालय, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावून देणारे. चाळीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पाच संगणक, चार माणसे. वर्षभर लग्नपत्रिका आणि पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, गणपतीच्या आधी मंडळांच्या स्मरणिका, आणि श्रावण लागला की दसऱ्यापर्यंत दिवाळी अंक. मालकांना सगळे काका म्हणतात. पाने लावण्याचे मुख्य काम ज्या ताई करतात, त्यांना या धंद्यात वीस वर्षांहून जास्त झाली. संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. ओळख पटेल असे तपशील मी इथे गाळले आहेत.

हे प्रकरण ताईंच्या संगणकाचे. २०१८ मध्ये घेतलेला, इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज १० एका १२० जीबीच्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर), म्हणजे सी ड्राइव्हवर. कामाच्या फायली १ टीबीच्या हार्ड डिस्कवर, डी ड्राइव्हवर. निदान तसे ठरले होते. प्रत्यक्षात ताई चालू काम डेस्कटॉपवर ठेवायच्या, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मीही नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. दिवसभर अनोळखी लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात, मेल आणि व्हॉट्सॲपवरून फायली येतात, अशा जागी सुरक्षा अपडेट बंद पडलेला संगणक चालवणे मला पटत नव्हते. काकांनाही नाही. पाचपैकी तीन संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत होते. उरलेले दोन त्याहून जुन्या प्रोसेसरचे. त्यांवरून इंटरनेट काढून टाकायचे आणि ते फक्त प्रिंटसाठी ठेवायचे, हे लगेच ठरले. बसणाऱ्या तिघांपैकी दोन विनातक्रार अपग्रेड झाले. अडला तो ताईंचा.

अडचण

अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, कार्यालय बंद होते म्हणून काकांच्या पुतण्याने ताईंच्या संगणकावर अपग्रेड सुरू केले. थोड्या वेळाने ते थांबले. जागा अपुरी असल्याचा संदेश, आणि क्रमांकाच्या शेवटी ८००७००७० हे आकडे. डिस्क भरल्याची ही विंडोजची ठरलेली खूण. सी ड्राइव्हवर १११ जीबीपैकी ६ जीबी उरली होती. खोक्यावर १२० लिहिलेले असते, कारण एसएसडी बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून तिथे १११ दिसतात.

पुतण्याने फोनवर विचारले, “दादा, अट ६४ जीबीची आहे ना? आपली डिस्क तर १११ ची आहे.” हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. ६४ जीबी ही डिस्कच्या एकूण आकाराची अट आहे, मोकळ्या जागेची नाही. अपग्रेड जुने विंडोज पुसून त्यावर नवे लिहीत नाही. आधी नव्याचे सामान उतरवून घेते, ते उलगडते, जुन्याच्या शेजारी नवे उभे करते, आणि सगळे नीट लागल्यावरही जुने ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये दहा दिवस ठेवते, परत फिरायची वेळ आली तर. आमच्या भागात सगळीकडे चाळींचा पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे काकांना मी तसेच समजावले: नवी इमारत होईपर्यंत जुन्या बिऱ्हाडांना ट्रान्झिट कॅम्प लागतो, तशी काही काळ दोन्ही विंडोजना जागा लागते. मी स्वतः २५ ते ३० जीबी मोकळी असल्याशिवाय हात घालत नाही.

पहिला निर्णय, आणि माझी चूक

मी त्या दिवशी कल्याणला होतो. मेगाब्लॉकच्या रविवारी गिरगाव गाठण्यापेक्षा फोनवरून काम करून घेऊ, असे मी ठरवले. पुतण्याला म्हणालो, “सेटिंग्जमध्ये जा, स्टोरेज उघड, टेम्पररी फाइल्स, आणि सगळ्यांवर टिक करून काढून टाक.”

त्या यादीत जुनी अपडेट, कचरापेटी, लहान चित्रांचा साठा असतो. तिथेच ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही असते. विंडोज त्यावर आपणहून टिक करत नाही आणि शेजारी सूचनाही देते. पण मी ‘सगळ्यांवर’ म्हणालो होतो. पुतण्याने सगळ्यांवर केली. मोकळी जागा ६ वरून ३५ जीबीवर गेली, आणि फोनवर आम्ही दोघेही खूश झालो.

सोमवारी सकाळी साडेदहाला ताईंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. “दादा, डाउनलोड्समध्ये काहीच नाहीये. कथा तिथे होत्या.”

एका दिवाळी अंकाचा मजकूर लेखकांकडून व्हॉट्सॲपवर येत होता. व्हॉट्सॲप फाइल डाउनलोड्समध्ये टाकते, ताई तिथूनच उघडायच्या, प्रुफातल्या दुरुस्त्या तिथेच करायच्या आणि तिथेच सेव्ह करायच्या. मग मजकूर पानावर घ्यायच्या. गेलेल्या २९ जीबीपैकी जवळपास निम्मे डाउनलोड्समधले होते. या मार्गाने पुसलेले कचरापेटीत जात नाही.

मी धावत आलो आणि फायली परत मिळवायचे सॉफ्टवेअर चालवले. फायलींची नावे दिसली, आतमध्ये काहीच नव्हते. साध्या हार्ड डिस्कवर पुसलेला मजकूर काही काळ तसाच पडून राहतो, म्हणून कधीकधी हाती लागतो. एसएसडीत विंडोज पुसलेले भाग लगेच कळवते आणि एसएसडी ते आतून रिकामे करत जाते. त्या सोमवारी नावांच्या यादीत तीन लेखकांच्या कथा दिसत होत्या आणि त्यातली एकही उघडत नव्हती. हे काम इतकी वर्षे करूनही ती यादी बघताना माझ्या पोटात गोळा आला.

मूळ फायली काकांच्या फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये होत्या. त्या परत मिळाल्या. गेल्या त्या दुरुस्त्या. पण काकांच्या कार्यालयात प्रूफ आजही कागदावर वाचले जाते. लाल पेनाच्या खुणा असलेली प्रुफे टेबलाच्या कप्प्यात होती. ताईंनी आणि काकांच्या पत्नीने दोन दिवस बसून प्रत्येक काना, प्रत्येक अनुस्वार पुन्हा घातला. कविता विभागातल्या एका पानाचे प्रूफ मात्र सापडले नाही. ते लेखिकेला पुन्हा पाठवावे लागले.

दुसरा अडथळा

मंगळवारी रात्री आठनंतर अपग्रेड पुन्हा सुरू केले. या वेळी मी समोर बसलो होतो. ३५ जीबी मोकळी होती, म्हणजे नेहमीच्या हिशोबाने पुरेशी. तरीही ते थांबले. संदेश मात्र वेगळा होता: ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन’ अपडेट करता आले नाही.

मी दमलो होतो. डोक्यात ‘जागा’ एवढाच शब्द होता, म्हणून संदेश अर्धाच वाचून मी सी ड्राइव्हवरून आणखी काय काढता येईल ते बघू लागलो. हायबरनेशनची (संगणक बंद करताना चालू स्थिती डिस्कवर जपण्याची) फाइल बंद केली, तीन जीबीच्या आसपास सुटले. जुने रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या नोंदी) काढायला निघालो. काका मागे उभे होते. ते म्हणाले, “आता काही डिलीट करू नकोस. आधी नीट वाच काय म्हणतोय तो.”

त्या रात्रीचा सगळ्यात योग्य निर्णय तो होता, आणि तो माझा नव्हता.

विंडोज ज्या डिस्कवर असते, तिथे सी ड्राइव्हखेरीज काही लहान विभाग असतात. त्यातला एक संगणक सुरू करणाऱ्या फायलींचा, ईएफआय विभाग. संदेशातले ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन’ म्हणजे हाच. बऱ्याच संगणकांत तो १०० एमबीचाच असतो. त्याला ड्राइव्हचे अक्षर नसते, म्हणून तो फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतो, पण तिथे तो शंभर टक्के मोकळा दाखवला जातो, आत कितीही भरलेले असले तरी. आदल्या वर्षी एकदा मी तिथे बघून ‘हा रिकामाच आहे’ असे मानून पुढे गेलो होतो, हे मला तेव्हा आठवले.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड खिडकी उघडली, ‘माउंटव्हॉल’ आदेशाने त्या विभागाला तात्पुरते अक्षर दिले आणि आतली यादी काढली. ९ एमबी मोकळी. बाकीच्यात विंडोजच्या सुरुवातीच्या फायली आणि संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या फर्मवेअर (यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटने मागे ठेवलेल्या जुन्या फायली. सी ड्राइव्हवरची ३५ जीबी या १०० एमबीला काही कामाची नव्हती.

मग अपडेटचा इतिहास उघडला. जानेवारी २०२४ पासून एक सुरक्षा अपडेट पुन्हा पुन्हा अपयशी होत आले होते, क्रमांक ८००७०६४३ वर संपणारा. तेही जागेचेच दुखणे होते: रिकव्हरी विभागात (विंडोज बिघडल्यास दुरुस्तीची साधने ठेवलेल्या विभागात) २५० एमबी मोकळी नसेल तर ते अपडेट बसत नसे, पण संदेशात जागेचा उल्लेख नव्हता. वेगळा विभाग, पण त्याच डिस्कवर. लहान विभाग तुंबल्याची खूण दीड वर्ष समोर होती आणि मी ती ‘बाकी सगळे चालू आहे ना’ म्हणून सोडून दिली होती.

समोर असलेले पर्याय

रात्री दहाला आम्ही सगळे बंद केले आणि बुधवारी सकाळी चहावर बसून बोललो.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ईएफआय विभागातले सुरुवातीच्या पडद्यासाठीचे फॉन्ट काढून अपग्रेड लगेच रेटायचे. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवरच हा उपाय आहे. मी ‘फॉन्ट काढतो’ म्हणालो तेव्हा ताई खुर्चीतून उठल्याच. डीटीपीच्या माणसासाठी फॉन्ट म्हणजे सगळी कमाई, आणि तीनच दिवसांपूर्वी त्यांच्या कथा माझ्या सांगण्याने गेल्या होत्या. हे मुख्यतः चिनी, जपानी, कोरियन लिपींचे, फक्त संगणक सुरू होताना लागणारे फॉन्ट आहेत, त्यांच्या देवनागरीशी यांचा संबंध नाही, हे मी त्यांना पडद्यावर एकेक नाव दाखवून पटवले. दहा-बारा एमबी सुटणार होते. धोका असा होता की मध्येच काही बिघडले तर संगणक सुरूच होणार नाही, आणि अंक अर्धवट होता.

दुसरा मार्ग, विंडोज पहिल्यापासून नवे टाकायचे. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात स्वच्छ. पण त्या संगणकावर जुने पान लावण्याचे सॉफ्टवेअर आहे, मराठी फॉन्टच्या पॅकेजला डोंगल (परवान्याची, संगणकाला जोडून ठेवायची किल्ली) आहे, आणि काहींच्या मूळ सीडी आता कुणाकडे नाहीत. मी तो बाजूला ठेवला.

अपग्रेडच्या वेळी जागा कमी पडली तर विंडोज बाहेरची यूएसबी ड्राइव्हही तात्पुरती वापरू देते. त्यावर किमान १० जीबी मोकळी लागते. पण त्याने सी ड्राइव्हची टंचाई टळते, ईएफआय विभागाची नाही.

पुढे ढकलायचे का? मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट तेव्हा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली होती. व्यावसायिक वापरासाठी ती वेगळी, पहिल्या वर्षाला प्रति संगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. धंद्याच्या संगणकावर घरगुती सवलत वापरायची नाही, असे काकांनी स्पष्ट सांगितले. एका संगणकासाठी तो खर्च नव्या एसएसडीपेक्षा जास्त होता.

म्हणजे उरली नवी एसएसडी. ५०० जीबीची लॅमिंग्टन रोडवर तीन हजारांच्या आसपास मिळत होती. जुन्याची जशीच्या तशी नक्कल नव्यावर करायची, अपग्रेड नव्यावर करायचे, आणि जुनी हात न लावता बाजूला ठेवायची.

काय ठरले

नवी एसएसडी घ्यायची, पण अंक छपाईला जाईपर्यंत ताईंच्या संगणकाला कुणीही हात लावायचा नाही. मी बुधवारीच उरकायच्या मताचा होतो. मुदतीला पाच आठवडे होते, आणि दिवाळीच्या तोंडावर काही अडले तर काय, अशी माझी भीती. काकांचे म्हणणे असे की विंडोज १० एकोणीस दिवस उशिरा बदलले तर काही कोसळत नाही, अंक एकोणीस दिवस उशिरा गेला तर विक्रेते घेत नाहीत. त्यांचे बरोबर होते. अंकाची तारीख छापखान्याशी बांधलेली होती, आमची तारीख १४ ऑक्टोबरपर्यंत मोकळी होती. सगळी पाने २९ सप्टेंबरला छापखान्यात गेली.

प्रत्यक्ष काम

दसरा २ ऑक्टोबरला झाला. रविवारी, ५ तारखेला सकाळी नऊला सुरुवात केली.

आधी ताईंच्या शेजारी बसून डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स उघडले. काय चालू, काय जुने, हे त्यांनी सांगायचे आणि मी हलवायचे. काहीही पुसले नाही. सगळे डी ड्राइव्हवर आणि एका बाहेरच्या डिस्कवर गेले. याला दोन तास लागले, आणि सगळ्या कामात हेच दोन तास सगळ्यात मोलाचे होते असे मला वाटते.

मग नव्या एसएसडीवर नक्कल केली. ती झाल्यावर संगणक सुरू करण्याआधी जुनी एसएसडी काढून घेतली, कारण दोन हुबेहूब डिस्क एकत्र जोडल्या की विंडोज गोंधळते. काकांनी तिच्यावर कागदी पट्टी चिकटवून तारीख घातली आणि ती प्रुफांच्या कप्प्यात ठेवली. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप, चालू आहे ना ते पाहिले. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावायचे कुलूप, नव्हते. असते तर आधी ते थांबवून रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी लागली असती.

शेवटी ईएफआय विभागाला अक्षर देऊन ते सुरुवातीचे फॉन्ट काढले. ९ चे २१ एमबी झाले. कंपनीच्या फर्मवेअरच्या फायलींना मी हात लावला नाही, कारण त्यातली कोणती पुढे लागते हे मला खात्रीने सांगता आले नसते. अपग्रेड दुपारी दीडला सुरू झाले आणि सव्वातीनला ताईंचा डेस्कटॉप परत दिसला.

ताईंनी पहिली उघडली ती आदल्या वर्षीच्या अंकाची फाइल. त्या एकच शब्द शोधत होत्या, ‘दुसऱ्या’. जुन्या फॉन्टमध्ये काही बिघडले तर आधी या अर्ध्या ‘र’चा डोळा फुटतो, म्हणाल्या. मग ‘श्री’, ‘क्ष’, ‘द्ध’. सगळे जागेवर होते. डोंगलही ओळखला गेला.

निष्पत्ती

संगणक मुदतीच्या नऊ दिवस आधी विंडोज ११ वर गेला. ‘विंडोज डॉट ओल्ड’ने २० जीबीच्या वर जागा घेतली होती. पुतण्या ते लगेच काढू या म्हणत होता. मी ठेवले. आता ५०० जीबी होती आणि दहा दिवसांत एखादे जुने सॉफ्टवेअर रुसले तर परत जाता आले असते. १५ तारखेनंतर विंडोजने ते आपणहून काढले.

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही फोल्डरे त्यांच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’मधून डी ड्राइव्हवर नेली. ताईंना सवय बदलावी लागली नाही, त्या आजही डेस्कटॉपवरच सेव्ह करतात. फोटोंच्या सॉफ्टवेअरची स्क्रॅच डिस्कही (काम चालू असताना लागणारी तात्पुरती जागा) डी वर दिली.

नुकसान: ताईंचे आणि काकूंचे दोन दिवस, एका लेखिकेला पुन्हा दिलेला त्रास, आणि ताईंचा माझ्यावरचा विश्वास. तो हळूहळू परत येतो आहे. आता मी काही काढण्याआधी त्या यादी वाचायला मागतात आणि मी ती वाचून दाखवतो.

पुन्हा करायचे झाले तर

रविवारी ते काम मी फोनवरून करून घेतले नसते. दुसऱ्याच्या संगणकावर ‘सगळ्यांवर टिक कर’ असे दुरून सांगणे चूकच होते. आधी बघायला हवे होते की या माणसाच्या कामाच्या फायली खरोखर कुठे असतात. डीटीपीत त्या डाउनलोड्समध्ये असतात, वकिलांकडे मेलच्या जोडपत्रांत, पतपेढीत हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये. जागा मोकळी करणे आणि फायली हलवणे ही दोन कामे आहेत, आणि हलवणे आधी.

जुलैमध्येच तिन्ही संगणकांचे ईएफआय आणि रिकव्हरी विभाग मोजले असते तर मंगळवारची रात्र वाचली असती. पाच मिनिटांचे काम होते. जानेवारी २०२४ चे ते अपयशी अपडेट तेव्हाच वाचले असते तर त्याहीआधी.

एक गोष्ट अजून राहिली आहे. नव्या एसएसडीवर नक्कल करताना ईएफआय विभाग ३०० एमबीचा करायची संधी होती. घाईत मी १०० चाच ठेवला. फॉन्ट विंडोजने अपग्रेडनंतर पुन्हा तिथे आणून ठेवले, त्यामुळे तो विभाग आज जवळपास आधीसारखाच भरलेला आहे. मार्चअखेरचे अहवाल छापून झाले की एका रविवारी तो मोठा करायचा, असे काकांशी ठरले आहे. तोपर्यंत जुनी एसएसडी त्या कप्प्यातच आहे.